दिल्लीचा हौशी वाचक

साहित्याच्या इतिहासात लेखक असतात, समीक्षक असतात, प्रकाशकही असतात. हौशी वाचक मात्र क्वचितच सापडतो. त्याला परीक्षा द्यायची नसते, प्रबंध लिहायचा नसतो. या आठवड्यात रहस्यकथा, पुढच्या आठवड्यात एखाद्या सेनापतीचे चरित्र, त्यानंतर कुणीतरी आग्रहाने हातात ठेवलेली प्रेमकथा असे काहीही तो वाचतो आणि चहा पिता पिता सगळ्यांबद्दल ठाम मत देतो. पुस्तकांचा धंदा याच माणसावर चालतो. दिल्लीत त्याचा माग पावणेदोनशे वर्षे मागे नेता येतो. तो घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: पुस्तक उचलायचे, चाळायचे आणि नको असेल तर परत ठेवायचे, ही मुभा या वाचकाला जिथे जिथे मिळाली, तिथे तिथे त्याची आवड रुंदावली.

सुरुवात मिर्झा गालिबपासून करायला हवी. कवी गालिब सर्वांना ठाऊक आहे, वाचक गालिब तितकासा नाही. त्याचा शिष्य आणि चरित्रकार अल्ताफ हुसेन हाली याने ‘यादगार-ए-गालिब’मध्ये नोंदवले आहे की मिर्झा पुस्तके सहसा विकत घेतच नसे. दुकानांतली पुस्तके घरोघरी भाड्याने पोहोचवणारा एक माणूस दिल्लीत होता. गालिब त्याच्याकडून पुस्तके मागवायचा आणि वाचून परत करायचा. इतक्या मोठ्या कवीच्या घरी स्वतःचे ग्रंथालय नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या दिल्लीत पुस्तक भाड्याने देण्याचा व्यवसाय होता आणि त्याचे गिऱ्हाईक बल्लीमारानच्या गल्लीत राहत होते, हेही त्यातून कळते.

तो वाचायचा तरी काय? १८५७ नंतरच्या काळात त्याने मीर मेहदी मजरूह या शिष्याला लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. ‘दास्तान-ए-अमीर हमझा’चा जाडजूड ग्रंथ आणि तेवढाच मोठा ‘बोस्तान-ए-खयाल’चा एक खंड हाती आला आहे, कोठीत उत्तम मद्याच्या सतरा बाटल्या आहेत, दिवसभर वाचन आणि रात्रभर मद्यपान चालले आहे, असे तो आनंदाने कळवतो. जादूगार, पऱ्या, बहुरूपी ऐयार आणि मायावी तिलिस्म यांनी भरलेल्या या कथा म्हणजे त्या काळचे लोकप्रिय वाचन. फारसीवरच्या प्रभुत्वाचा अभिमान बाळगणारा हा कवी त्या कथांत रमत होता आणि ते लपवत नव्हता. हे पत्र ज्याला लिहिले तो मजरूह तेव्हा पानिपतला राहत होता, आणि हालीही पानिपतचाच. मराठी मनात पानिपतची एकच आठवण पक्की बसलेली आहे. दिल्लीच्या वाचनाच्या इतिहासात त्या गावाचे असेही एक स्थान आहे, हे आपण लक्षात ठेवायला हरकत नाही.

आवडलेल्या पुस्तकाबद्दल जितक्या मोकळेपणाने, तितक्याच मोकळेपणाने नावडलेल्याबद्दलही गालिब बोलला. १८५५च्या सुमारास सय्यद अहमद खान यांनी अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’ची संशोधित आवृत्ती मोठ्या कष्टाने तयार केली आणि प्रथेप्रमाणे गालिबकडे प्रशस्ती मागितली. गालिबने फारसी पद्य लिहून दिले, पण त्यात स्तुतीऐवजी वेगळाच सूर होता. अकबराचे कायदे आता जुने झाले, इंग्रजांनी वाफेवर जहाजे चालवली, तारेतून निरोप पाठवले. त्यांच्याकडे पाहायचे सोडून गेलेल्या काळाची पूजा कशाला, असा त्याचा रोख. सय्यद अहमद यांनी ती प्रशस्ती ग्रंथात छापली नाही. मित्राचे पुस्तक असूनही मत न बदलणारा असा वाचक कोणत्याही काळात दुर्मीळ असतो, आणि म्हणून हा प्रसंग दिल्लीच्या वाचकाच्या इतिहासात फार मोलाचा वाटतो.

मग १८५७चा उठाव झाला. दिल्ली कॉलेजचे ग्रंथालय लुटले गेले. याच कॉलेजाच्या आधाराने १८४०च्या दशकात विज्ञान, इतिहास, कायदा अशा विषयांची पुस्तके उर्दूत आणण्याचे काम चालले होते. नवाब झियाउद्दीन अहमद खान यांचा संग्रह गेला. त्यात गालिबच्या स्वतःच्या रचनाही जपून ठेवलेल्या होत्या. आपले लेखन आपल्यालाच सापडत नाही, ही खंत त्याच्या पत्रांतून येत राहते.

त्यानंतर उभे राहिलेले ग्रंथालय साहेबांचे होते. १८६२मध्ये सुरू झालेल्या त्या वाचनकक्षात इंग्रज अधिकाऱ्यांची ऊठबस होती. पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८मध्येच आजच्या नगर वाचन मंदिराची सुरुवात झाली होती, ठाण्यात १८९३मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. दिल्लीच्या सामान्य वाचकाला मात्र बराच काळ थांबावे लागले. २३ डिसेंबर १९१२ रोजी चांदणी चौकात व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बॉम्ब पडला. ते जखमी झाले, पण वाचले. त्यांच्या नावाने देणग्या जमवून १९१६मध्ये साहेबांच्या त्या ग्रंथालयाची नवी इमारत उभी राहिली आणि तिचे नाव हार्डिंग लायब्ररी झाले. स्वातंत्र्यानंतर, १९७०मध्ये, ती लाला हरदयाळ यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

हे नाव दोन कारणांनी समर्पक आहे. गदर चळवळीचे हरदयाळ दिल्लीतच जन्मले, सेंट स्टीफन्समध्ये शिकले आणि हार्डिंगवर पडलेल्या बॉम्बचे त्यांनी परदेशातून पत्रक काढून स्वागत केले होते. दुसरे कारण वाचकाच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचे आहे. १९३४मध्ये त्यांनी ‘हिंट्स फॉर सेल्फ कल्चर’ नावाचे इंग्रजी पुस्तक लिहिले. विज्ञानापासून इतिहासापर्यंत आणि कलेपासून अर्थशास्त्रापर्यंत सामान्य माणसाने स्वतःच्या बळावर काय वाचावे, हे त्यात ते तळमळीने सांगतात. एकाच विषयाच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊ नका, हा त्यांचा आग्रह. निरनिराळ्या प्रकारची पुस्तके वाचणाऱ्याला तुच्छ लेखणाऱ्या विद्वानांनी हरदयाळ जरूर वाचावेत.

फाळणीने दिल्ली बदलली. १९४१मध्ये दिल्ली प्रांताची लोकसंख्या सुमारे ९ लाख होती, १९५१मध्ये ती १७ लाखांच्या पुढे गेली. त्यांत जवळजवळ पाच लाख निर्वासित होते. लाहोर, पेशावर, रावळपिंडीहून आलेल्या या माणसांत वाचणारे होते, पुस्तके विकणारे होते आणि छापणारेही होते. लाहोरचे प्रकाशक राजपाल अँड सन्स काश्मिरी गेटला आले. पेशावरचे फकीरचंद यांचे दुकान खान मार्केटमध्ये १९५१मध्ये उघडले आणि बलराज बहरी यांचे ‘बहरीसन्स’ १९५३मध्ये. आज खान मार्केटमधल्या भाड्याचे आकडे ऐकून डोळे फिरतात, पण मुळात तो निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी बांधलेला बाजार.

अशा या शहरात २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिल्ली पब्लिक लायब्ररीचे उद्घाटन झाले. जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्टेशनासमोर, युनेस्कोच्या मदतीने. विकसनशील देशांत सार्वजनिक ग्रंथालय कसे चालू शकते याचा नमुना म्हणून युनेस्कोने तीन ठिकाणे निवडली. कोलंबियातले मेदेयीन आणि नायजेरियातले एनुगू ही पुढची दोन, पहिले दिल्ली. वर्गणी नाही, जातपात नाही, आणि मुख्य म्हणजे पुस्तकांची कपाटे खुली. कित्येक जुन्या वाचनालयांत वाचक खिडकीशी उभा राही, यादीतून नाव सांगे आणि आतला माणूस पुस्तक आणून देई. नाव ठाऊक नसलेले पुस्तक मागणार कसे? खुल्या कपाटाने हा प्रश्नच मिटवला. कथा-कादंबरी शोधायला आलेला कारकून शेजारच्या फळीवरचे प्रवासवर्णन उचलू लागला. हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन भाषांतली पुस्तके एका छपराखाली आली. लवकरच फिरती गाडीही सुरू झाली आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलण्यासाठी ग्रंथालयातच वाचकांचे गट जमू लागले. दिल्लीतल्या साध्या वाचकाला आपले मत मांडायला सरकारी इमारतीत बसायची जागा मिळाली, ही घटना त्या काळी लहान नव्हती.

ग्रंथालयाने पुस्तक हातात दिले, ते घरात आणले एका रुपयाने. राजपाल अँड सन्सच्या राजपालांचे चिरंजीव दीनानाथ मल्होत्रा यांनी १९५८मध्ये शाहदऱ्याहून हिंद पॉकेट बुक्स सुरू केले. किंमत एक रुपया. खिशात मावणारी, रंगीत मुखपृष्ठाची ही पुस्तके रेल्वेच्या फलाटांवर, पानाच्या टपऱ्यांशेजारी, औषधांच्या दुकानांतसुद्धा दिसू लागली. पुढे ‘घरेलू लायब्ररी योजना’ निघाली. सभासदाला टपालाने ठरावीक पुस्तकांचा संच घरपोच मिळे. ज्या गावात पुस्तकांचे दुकान नाही तिथे पोस्टमन पुस्तक घेऊन जाऊ लागला. त्या संचात अमृता प्रीतम असायच्या, शरच्चंद्र असायचे, गुलशन नंदांची प्रेमकथा असायची. उर्दू कवी देवनागरीत आणण्याचे काम प्रकाश पंडित यांनी याच काळात केले, आणि भाड्याने पुस्तके वाचणारा गालिब हिंदीभाषक कुटुंबांच्या फडताळात कायमचा येऊन बसला. उच्च साहित्य आणि करमणूक अशी भिंत त्या पार्सलात नव्हती. याच कारणाने हिंद पॉकेट बुक्सला वाचनाच्या इतिहासात मानाचे स्थान द्यायला हवे. २०१८मध्ये ही संस्था पेंग्विन रँडम हाऊसने घेतली.

दिल्लीजवळचे मेरठ तेव्हा लुगदी कादंबऱ्यांची राजधानी बनत होते. स्वस्त, पिवळट पडणारा कागद, भडक मुखपृष्ठ आणि न थांबणारी कथा. वेदप्रकाश शर्मांच्या १९९३मधल्या ‘वर्दी वाला गुंडा’च्या पहिल्याच दिवशी पंधरा लाख प्रती खपल्याचा दावा केला जाई. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांनी दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. तेच काम उत्तरेत या मंडळींनी केले. त्यांच्यातले दिल्लीचे सुरेंद्र मोहन पाठक इथे खास लक्षात घ्यावे लागतात. टेलिफोन कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी तीनशेच्या घरात कादंबऱ्या लिहिल्या. १९७७ची ‘पैंसठ लाख की डकैती’ पुढे इंग्रजीतही गेली. पण त्यांची सर्वांत मोलाची सवय वेगळीच आहे. कादंबरीच्या आरंभी ते ‘लेखकीय’ लिहितात आणि त्यात आधीच्या पुस्तकावर वाचकांनी कळवलेली मते देतात. कुणाला शेवट पटला नाही, कुणाला नायक पूर्वीसारखा वाटला नाही, कुणी आजवरची सर्वोत्तम कादंबरी म्हणतो, तर कुणाला पैसे वाया गेले असे वाटते. स्तुती आणि नाराजी दोन्ही तिथे सापडतात. उत्तर भारतातल्या लहान गावांतल्या हौशी वाचकाची मते इतक्या सातत्याने छापून ठेवणारे दुसरे दालन सापडणे कठीण. साहित्याच्या अभ्यासकांनी ही पाने अजून नीट उघडलेली नाहीत.

गंभीर वाचकासाठी असेच एक दालन अन्सारी रोडवर होते. राजेंद्र यादवांनी १९८६मध्ये दर्यागंजातून ‘हंस’ हे मासिक पुन्हा काढायला घेतले आणि ‘अपना मोर्चा’ या सदरात वाचकांच्या पत्रांना ऐसपैस जागा दिली. कथेइतक्याच उत्सुकतेने लोक ती पत्रे वाचत.

या सगळ्यात मराठी कुठे होती? ती दिल्लीत चांगलीच वाचली गेली, फक्त हिंदीतून. १९५४मध्ये दिल्लीत साहित्य अकादमी स्थापन झाली. त्याच वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. काकासाहेब गाडगीळ स्वागताध्यक्ष होते आणि उद्घाटन नेहरूंनी केले. अकादमीचा मराठीचा पहिला पुरस्कारही पुढच्या वर्षी तर्कतीर्थांनाच मिळाला. मात्र दिल्लीच्या साध्या वाचकापर्यंत मराठी पोहोचवली ती संमेलनापेक्षा अनुवादांनी. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चा ओम शिवराज यांनी केलेला हिंदी अनुवाद भारतीय ज्ञानपीठाने काढला आणि कर्ण हिंदी घरांत पोहोचला. आजही हिंदी वाचकाला आवडलेल्या दोन-चार पुस्तकांची नावे विचारली की त्यांत ‘मृत्युंजय’ निघते, आणि मूळ पुस्तक मराठी आहे हे पुष्कळांना सांगावे लागते.

याहून खोल परिणाम दुसऱ्या एका पुस्तकाचा झाला. दया पवारांचे ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन १९७८मध्ये आले. दामोदर खडसे यांनी त्याचा ‘अछूत’ नावाने अनुवाद केला आणि दिल्लीच्या राधाकृष्ण प्रकाशनाने तो छापला. लक्ष्मण मान्यांचा ‘उपरा’ही ‘पराया’ होऊन हिंदीत गेला. याच राधाकृष्ण प्रकाशनाने १९९७मध्ये ओमप्रकाश वाल्मीकींचे ‘जूठन’ प्रसिद्ध केले. वाल्मीकी नोकरीनिमित्त अंबरनाथ आणि चंद्रपूर परिसरात राहिले होते; दलित साहित्याची ओळख त्यांना तिथे मराठीतून झाली. एका वाचकाच्या हाती योग्य वेळी पडलेल्या मराठी पुस्तकांनी हिंदीतले एक महत्त्वाचे आत्मकथन घडायला मदत केली, हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे.

आता रविवारच्या पटरीकडे. दर्यागंजातली दुकाने रविवारी बंद असतात. १९६०च्या दशकात कधीतरी जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांनी त्या बंद दुकानांसमोरच्या पदपथावर चादरी अंथरल्या आणि पाहता पाहता नेताजी सुभाष मार्गापासून आसफ अली रोडवरच्या डिलाइट सिनेमाच्या बाजूपर्यंत ढीग लागले. पदपथाला तिथे पटरी म्हणतात, म्हणून पटरी बाजार. माल येई तो कबाडींकडून, बंद पडलेल्या वाचनालयांतून, बदली झालेल्या अधिकाऱ्यांच्या घरांतून, परदेशी ग्रंथालयांनी काढून टाकलेल्या गठ्ठ्यांतून आणि प्रकाशकांच्या उरलेल्या साठ्यातून. चोरून छापलेल्या आवृत्त्याही त्यात असत आणि असतात. त्याने लेखकाचे नुकसान होते हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण या बाजाराचा जीव जुन्या पुस्तकांत होता. काही ढिगांवर एकच भाव, काही ठिकाणी तर किलोवर विक्री. तराजूत शेक्सपिअर आणि स्वयंपाकाचे पुस्तक एकाच वजनाने मोजले जाई.

या बाजारात येणारा निम्मा वर्ग स्पर्धापरीक्षांच्या, वैद्यकीच्या आणि अभियांत्रिकीच्या पुस्तकांसाठी येई. त्यांना घाई असे. उरलेला वर्ग हौशी वाचकांचा, आणि त्यांच्यासाठी पटरी म्हणजे खुल्या कपाटाची पुढची पायरी. इथे विषयवार मांडणी नव्हती. रशियन कादंबरीखाली बागकामाचे पुस्तक, त्याखाली कुणाला तरी वाढदिवसाला दिलेली कवितासंग्रहाची प्रत, पहिल्या पानावर शाईने लिहिलेले नाव आणि साल. लाल चौकात ‘रद्द’ असा शिक्का मारलेली ग्रंथालयाची पुस्तके. वाचक उकिडवा बसून ढीग उपसत राही आणि विक्रेता हरकत घेत नसे. पुष्कळ विक्रेते शाळेत फार शिकलेले नव्हते, पण कोणते मुखपृष्ठ दाखवल्यावर कोणते गिऱ्हाईक थांबते याचे त्यांचे ज्ञान पक्के होते. गिऱ्हाईकांची मते ऐकून ऐकून ते पुढचा माल उचलत. वाचकाच्या मताला बाजारात इतकी थेट किंमत दिल्लीत आणखी कुठेही मिळाली नसेल. कनुप्रिया धिंग्रा यांनी या बाजारावर सविस्तर संशोधन केले असून ‘ओल्ड दिल्लीज पॅरलल बुक बझार’ हे त्यांचे पुस्तक २०२४मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर पुस्तके विकणाऱ्यांवरही कुणीतरी मराठीत असे काम करायला हवे.

जुलै २०१९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, वाहतुकीच्या अडथळ्याच्या कारणावरून, नेताजी सुभाष मार्गावरचा बाजार उठला. काही आठवडे विक्रेते रस्त्यावर आले ते पुस्तके न घेता, मागण्या घेऊन. सप्टेंबरमध्ये पावणेतीनशेच्या आसपास विक्रेत्यांना आसफ अली रोडवर, ब्रॉडवे हॉटेलसमोरच्या महिला हाटमध्ये जागा मिळाली. काही महिन्यांतच करोना आला आणि पुन्हा शुकशुकाट. टाळेबंदी उठल्यावर बाजार परत भरू लागला आणि तो आजही भरतो. ओळीत मांडणी, चालायला वाट, वाहनांचा धोका नाही, अशी सोय तिथे आहे. पण कुंपणाच्या आत पुस्तक घ्यायचे ठरवूनच माणूस जातो. सिनेमाला निघालेला, भाजी आणायला निघालेला, वाटेत पुस्तक दिसले म्हणून थबकणारा माणूस आता त्या दारातून सहसा आत येत नाही, आणि हौशी वाचक घडत होते ते याच माणसांतून. महापालिकेने विक्रेत्यांना जागा दिली ते योग्यच केले. वाटसरूला पुस्तक दिसेल अशी रस्त्यालगतची जागा आठवड्यातून एक दिवस पुन्हा द्यायला हवी.

फेब्रुवारी २०२५मध्ये ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली ९८वे मराठी साहित्य संमेलन दिल्लीत, तालकटोरा स्टेडियममध्ये झाले. पुण्याहून खास रेल्वेगाडीने साहित्यप्रेमी गेले. हजारो मराठी वाचकांनी ते तीन दिवस दिल्लीत काढले. तिसरा दिवस रविवार होता. यापुढे दिल्लीला जाणे झाले आणि मुक्कामात रविवार आला, तर लाल किल्ला पाहायच्या आधी मेट्रोने दिल्ली गेट स्थानकावर उतरावे. महिला हाट तिथून चालत काही मिनिटांवर आहे. सकाळी लवकर जावे, सोबत रिकामी पिशवी असावी, आणि नाव कधी ऐकले नाही असे एक तरी पुस्तक घ्यावे.